झिंक ऑक्साइडचे नॅनोकण: बनवा, धुवा, मोजा

नॅनोकणांची सुरुवात झिंक ऑक्साइडपासून करा, असं मी नव्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 2.195 ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट विरघळवा. दुसऱ्या बीकरमध्ये तेवढ्याच पाण्यात 0.8 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड घ्या. हातमोजे, गॉगल हवेतच.

झिंकचं द्रावण मॅग्नेटिक स्टररवर फिरत ठेवा आणि ब्युरेटमधून अल्कली, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, थेंबथेंब सोडा. थेंब पडतो तिथे पांढरा ढग उठतो, विरतो. हळूहळू अख्खं बीकर दुधाळ होतं. हे बघण्यात मला अजून आनंद मिळतो! अल्कली फार जास्त झाली, तर साका (तयार झालेला पांढरा घन पदार्थ) झिंकेट या विरघळणाऱ्या संयुगात बदलून परत विरघळू लागतो.

आता धुणं. इथे कंटाळा केलात तर सोडियमचे क्षार पावडरीत राहतात. सेंट्रिफ्यूज करून पाण्याने अनेकदा धुवा, शेवटी इथेनॉलने. 80 अंशांवर वाळवा, मग मफल फर्नेसमध्ये (उच्च तापमानाच्या बंद भट्टीत) 400 अंश सेल्सिअसला दोन तास ठेवा.

एक्सआरडीत (एक्स-रे विवर्तन चाचणीत), कॉपर के-अल्फा या एक्स-रे किरणांसाठी, 31.8, 34.4 आणि 36.3 अंशांवर वुर्टझाइट या झिंक ऑक्साइडच्या स्फटिकरचनेची तीन शिखरं दिसली पाहिजेत. शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्रात ही रुंदी रेडियनमध्येच घाला. 36.3 अंशांवर रुंदी 0.5 अंश असेल, तर स्फटिकाचा आकार सुमारे 17 नॅनोमीटर येतो. आधी यंत्राची स्वतःची रुंदी वजा करायला विसरू नका. हा आकार स्फटिकाचा आहे, कणाचा नव्हे; एका कणात अनेक स्फटिक असू शकतात, म्हणून कण थेट दाखवणारं टीईएम (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी) करून घ्याच.