मुंबईत मासे खायचे, पण जरा बघून

सरळ सांगतो, मासे सोडा वगैरे म्हणणार नाहीये. फक्त काय, कधी आणि केवढं घ्यायचं ते बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साईझ. तळहातापेक्षाही छोटं पापलेट स्वस्त मिळतं म्हणून उचलू नका, त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात आणि असंच चालू राहिलं तर पुढे मोठं पापलेट येणार कुठून? २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी साईझ पण ठरवली, तरी बाजारात पिल्लं दिसतातच. कोळणीला सांगायचं, "मावशी, छोटं नको, त्यापेक्षा बांगडा दे." गिऱ्हाईक घेत नाही म्हटल्यावर माल आपोआप कमी येतो.

रोजच्या जेवणाला बांगडा, तारली, मांदेली बेस्ट. हे मासे लवकर वाढतात, आणि तारलीचं तिखलं ज्याने खाल्लंय त्याला सुरमईची आठवण येत नाही (माझं मत, भांडू नका).

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते कारण बऱ्याच माशांचा तो अंडी घालायचा सीझन. तेव्हा सोडे, सुके बोंबील, सुकट काढा, मे महिन्यातच भरून ठेवायचं. शिवाय पावसात दादर, वसईला आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कंटोळी अशा रानभाज्या घेऊन बसतात, त्या घ्या. शेवळं मात्र काकडं (आंबट रानफळं) घालूनच करा, नाहीतर घसा खाजेल.