फवारणीचं औषध घेताय? आधी डब्यावरचा त्रिकोण वाचा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. पोळा झाला, पऱ्हाटी म्हणजे कपाशी कमरेच्या वर गेली की काउंटरवर एक मागणी हटकून येते: "ताई, कडक द्या. लाल पट्टीचं." म्हणून सुरुवात तिथूनच करते.

डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे त्रिकोणात, रंग. तो रंग अळीसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. प्रयोगशाळेत उंदरांना औषध दिलं जातं आणि वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅमला निम्मे उंदीर मरतात ते पाहिलं जातं. तोंडावाटे १ ते ५० मिलिग्रॅमला मरत असतील तर लाल, ५१ ते ५०० ला पिवळा, ५०१ ते ५००० ला निळा आणि त्याहून जास्त लागत असेल तर हिरवा. लाल डब्यावर कवटी आणि विषाचा इशारा असतो. पिवळ्यावर कवटी नसते, पण विषाचा इशारा लाल अक्षरांत असतोच. बोंडअळी कशाने मरेल हे या रंगावरून कळत नाही. मी लाल डबा पुढे केला नाही म्हणून रुसून शेजारच्या दुकानात गेलेले भाऊ आहेत. जाऊ द्या, गिऱ्हाईक परत येतं.

"मग पिवळं घेतलं तर चालतं ना?" हा पुढचा प्रश्न. तणनाशक पॅराक्वाट पिवळ्या त्रिकोणाचं आहे. त्याचा घोटभर पोटात गेला तर त्यावर उतारा नाही. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं निकामी होतात आणि माणूस शुद्धीवर असताना जातो. त्रिकोण फक्त एकदम होणाऱ्या विषबाधेचं मोजमाप सांगतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेल्यावर काय होतं, ते त्यात येत नाही. म्हणून हिरवा त्रिकोण पाहिला तरी हातमोजे काढू नका.

रंगानंतर घटकाची ओळ वाचा. मोठ्या अक्षरांतलं नाव कंपनीचं असतं, त्याच्याखाली बारीक अक्षरांत खरा पदार्थ आणि त्याचे टक्के. उदाहरणार्थ प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ४ टक्के हे तयार मिश्रण बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतं. कुणी हे घेतो, वर दुसऱ्या दुकानातून आणलेलं प्रोफेनोफॉस त्यातच ओततो आणि दोन वेगळी औषधं मारली असं समजतो. त्यात टॉनिक, युरिया, धुण्याची पावडर. पंपात काय झालं ते देवालाही सांगता येणार नाही, आणि पुढे दवाखान्यात डॉक्टर विचारतात तेव्हा घरच्यांनाही नाही. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात जे मिश्रण सांगितलेलं नाही, ते करू नका. माहितीपत्रक मराठीतही असतं, ते मागून घ्या. दुकानदाराने डबा उघडून ते काढून ठेवलं असेल, तर तो डबाच घेऊ नका.

मात्रेचा हिशोब लोक पंपावर करतात, लेबल हेक्टरवर सांगतं. गोंधळ इथेच होतो. डायफेन्थियुरॉन ५० टक्के भुकटीचं उदाहरण घ्या. कपाशीवर हेक्टरी ६०० ग्रॅम, ५०० ते ७५० लिटर पाण्यात. एकराला आले २४० ग्रॅम आणि २०० ते ३०० लिटर पाणी. पंधरा लिटरच्या पंपाने हे १३ ते २० पंप होतात, म्हणजे पंपाला १२ ते १८ ग्रॅम. आता पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाने तेच वावर थोड्या पाण्यात आटोपतं. एकराला औषध तेवढंच लागतं, पण पाणी कमी पडल्याने अंगावर येणारा फवारा कितीतरी दाट असतो. असा पंप उचलणाऱ्या गड्याला हे आधी सांगा. पंप चालतोय म्हणून "एक झाकण जास्त" टाकणं हा तर निव्वळ खिशाला आणि अंगाला खड्डा.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर फवारणीच्या विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, गुलाबी बोंडअळीने लोक हैराण होते, उकाड्यात अंग उघडं टाकून हात वर करून फवारा मारला जात होता. तोंडावाटे कुणी काही प्यायलं नव्हतं. औषध कातडीतून आणि श्वासातून गेलं. घामाने भिजलेली कातडी औषध लवकर आत घेते, आणि तेलासारख्या द्रावकात विरघळवलेली, पाण्यात टाकताच दुधासारखी होणारी औषधं तर आणखी लवकर शिरतात.

त्यामुळे अंगावर काय घालायचं, हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न आहे. गिऱ्हाईक विचारतं ते मात्र शेवटी, बिल झाल्यावर. पूर्ण बाह्यांचा सदरा, फुलपँट, रबरी बूट, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर टोपी. हातमोजे रबराचे किंवा नायट्राइलचे हवेत. सुती मोजे औषध शोषून कातडीला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा नसलेले बरे. तोंडाला बांधलेला गमछा भिजला की तोच औषधाचा बोळा होतो. करोनातला मास्क थेंब अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. त्यासाठी वाफ शोषणाऱ्या डबीचा मास्क लागतो. सगळं सामान नाही जमलं तर निदान डबा उघडताना आणि औषध कालवताना मोजे आणि चष्मा घालाच. तेव्हा औषध निव्वळ असतं, पंपात गेल्यावर पाण्यात पातळ होतं. कालवायला काडी घ्या, हात नको. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, बारीक तार किंवा जुना टूथब्रश खिशात ठेवा. वारा पाठीमागून यायला हवा. दुपारच्या उन्हात फवारणी नको. मध्ये विडी, खर्रा, शिदोरी काही नको. खर्रा सोडायला सांगितला की लोक हसतात, पण औषधाचा हात ओठाला लागायला तो सगळ्यात सोपा मार्ग.

लक्षणं ओळखायला शिका. ऑरगॅनोफॉस्फरस गटाच्या (प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस अशा औषधांच्या) विषबाधेत तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, दरदरून घाम, उलटी, जुलाब, अंधुक दिसणं, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होणं, स्नायू फडफडणं आणि मग श्वास अडणं. कारण हे औषध मज्जातंतूंचा निरोप थांबवणारं एंझाइम बंद पाडतं, निरोप चालूच राहतो. दवाखान्यात यावर ॲट्रोपिन आणि पॅम देतात. डायफेन्थियुरॉनवर असा नेमका उतारा नाही, म्हणून डॉक्टरांना कोणतं औषध होतं ते कळायलाच हवं. रिकामा डबा किंवा लेबल सोबत न्या. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालेल.

तोवर घरी काय करायचं? कपडे काढा, साबणपाण्याने अंग धुवा. हे करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं वाहतं पाणी. बेशुद्ध माणसाला डाव्या कुशीवर वळवा. तूप, दूध, ताक, लिंबू काही पाजू नका आणि बोटं घालून उलटी करवू नका. द्रावक फुप्फुसात गेलं तर दुखणं दुप्पट. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७ हा नंबर निःशुल्क आहे. तुमच्या गावच्या डॉक्टरांनाही तो द्या.

"बंदी आलेलं औषध अजून मिळतं, मग चालतं ना?" नाही. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. डायक्लोरव्हॉस, फोरेट, ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहेत. मोनोक्रोटोफॉसचा भाजीवर वापर तर फार आधीपासून बंद. बिहारमध्ये २०१३ साली शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली, ती याच विषाने. "जुना साठा आहे, स्वस्तात देतो" असं कुणी म्हणालं, तर बिल मागा. तिथेच विषय संपतो. पक्कं बिल, त्यावर औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत. पुढे पीक जळलं किंवा माणूस आजारी पडला, तर तक्रारीला तोच कागद लागतो.

भाजीवाल्यांसाठी एवढंच: लेबलवर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते लिहिलेलं असतं. उद्या बाजार आहे म्हणून आज फवारू नका. जे औषध झाडाच्या रसात भिनतं, ते वरून धुऊन जात नाही.

रिकामा डबा तीनदा खळखळा, ते पाणी पंपातच ओता, मग डब्याला भोकं पाडा. जाळू नका, विहिरीकाठी टाकू नका, आणि त्यात रॉकेल किंवा प्यायचं पाणी भरणाऱ्याच्या हातून तो लगेच काढून घ्या.