आजोबांच्या स्क्वाड्रनची धावपट्टी शोधायला निघताय? मग आधी ही तयारी

आजोबा दुसऱ्या महायुद्धात एअरफोर्सच्या एखाद्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत होते, बर्माच्या बाजूला कुठल्यातरी कच्च्या धावपट्टीवर होते, ती जागा आता सापडेल का, असं विचारणारे नाशिकमध्ये बरेच भेटतात आणि सगळे आधी गूगल अर्थ उघडून बसतात. ते शेवटी. आधी घरातली ट्रंक उघडा. सर्व्हिस बुक, डिस्चार्जचा कागद, मेडल, जुने फोटो, सगळं मोबाईलवर स्कॅन करा, आणि फोटोची मागची बाजू सोडू नका, कारण गावाचं नाव बहुतेक वेळा तिथेच पेन्सिलीने खरडलेलं असतं. आजोबा फिटर म्हणजे विमानांचे मेकॅनिक वगैरे असतील तर लॉगबुक म्हणजे उड्डाणांची वही शोधत बसू नका, ते उडणाऱ्यांकडेच असायचं. बर्मा स्टार हे मेडल असेल तर निदान आघाडी पक्की झाली. आणि कागदावर नाशिकजवळचं देवळाली दिसलं म्हणून लगेच हुरळून जायचं नाही, तिथे मोठा ट्रान्झिट कॅम्प होता, बोटीची वाट बघत माणसं पडून असायची. ओझर तर यादीतून खोडूनच टाका, तिथला विमान कारखाना 1964 चा.

मग स्क्वाड्रनचा नंबर आणि महिना, दोन्ही हवेत. नुसत्या नंबरावर काही होत नाही, स्क्वाड्रनं सारखी हलायची. व्हेंजन्स विमानं उडवणारी आपली दोन स्क्वाड्रनं घ्या, 8 नंबर आधी चितगावच्या डबल मूरिंग्जला आणि नंतर माम्बूरला, 7 नंबर 1944 मध्ये तिकडे सिलचरजवळ उधारबंदला. स्क्वाड्रनच्या डायरीत फॉर्म 540 म्हणजे महिन्याचा गोषवारा आणि 541 म्हणजे एकेका उड्डाणाची नोंद. रॉयल एअरफोर्सच्या डायऱ्या लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये एआयआर 27 या मालिकेत आहेत, कॅटलॉग घरबसल्या चाळता येतो. आपल्या स्क्वाड्रनांसाठी दिल्लीला संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाला अर्ज करा, आणि वाट बघायची तयारी ठेवा. डायरी हातात आली की 540 वरच थांबू नका, कारण वर लिहिलेला पत्ता ऑफिसचा असतो आणि निम्मी विमानं डिटॅचमेंट म्हणजे वेगळी काढलेली तुकडी म्हणून पुढच्या पट्टीवर गेलेली असतात, ते 541 वाचल्याशिवाय कळत नाही.

इंफाळचं बघा म्हणजे घोळ कसा होतो ते लक्षात येईल. 1944 मध्ये अर्जन सिंग यांचं 1 नंबर स्क्वाड्रन हरिकेन विमानं घेऊन इंफाळला होतं, म्हणून लोक आजच्या इंफाळ एअरपोर्टवर पिन टाकून मोकळे होतात. पण आजचा एअरपोर्ट म्हणजे तेव्हाची तुलिहाल धावपट्टी, आणि तेव्हाची इंफाळ मेन धावपट्टी म्हणजे कोइरेंगेई, शहराच्या दुसऱ्या बाजूला. खोऱ्यात शिवाय पलेल, कांगला, वांगजिंग, सापाम या पट्ट्या. यातल्या इंफाळ मेन आणि पलेल बारमाही होत्या आणि बाकीच्या बहुतेक पाऊस लागला की चिखल. त्यामुळे जुलैतलं उड्डाण सापाममधून दाखवलं असेल तर नोंद परत एकदा तपासा.

नकाशाला अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसची यू 502 मालिका, टेक्सास युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट आहे. जुन्या कागदावरचा ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या चौकटींनी दिलेला जागेचा आकडा, यार्डातला असतो, तो गूगलमध्ये टाकून काही निघत नाही, आधी बदलून घ्यावा लागतो. आता उघडा गूगल अर्थ, जानेवारी ते मार्चमधल्या जुन्या इमेजेस लावा आणि शेतांचे बांध कुठे एकदम तिरके होतात ते बघा, किंवा वळणावळणाचा गावरस्ता दीड-दोन किलोमीटर उगाच सरळ धावतो का ते. बाजूला कानातल्या डुलासारखे गोल फाटे दिसले तर विमानं पांगवून ठेवायच्या जागा त्या, मग फारशी शंका नको.

लांब जाण्याआधी जवळ सराव करा, कल्याणजवळची नेवाळीची पट्टी. नाशिकहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, कल्याणला उतरायचं, मलंगगड रोडने नेवाळी नाका. युद्धात शेतकऱ्यांची घेतलेली ती जमीन अजून वादात आहे, 2017 मध्ये नौदलाच्या कुंपणावरून मोठं आंदोलन पेटलं होतं, म्हणून रस्त्यावरूनच बघा, आत घुसू नका आणि लोकांशी बोलताना जरा जपून. महाराष्ट्रातल्या जागेसाठी 7/12 च्या मागचे जुने फेरफार पण काढा, पण जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर यांचा मेळ भूमी अभिलेख ऑफिसातून घालून घेतल्याशिवाय तो उतारा वाचू नका, एकत्रीकरणात नंबर बदललेत.

ड्रोन नेऊच नका, अशा बऱ्याच जागा अजून लष्कराकडे आहेत. मणिपूरला जाणार असाल तर इनर लाइन परमिट म्हणजे राज्यात शिरायचा परवाना लागतो, 2020 पासून, आणि तिथली परिस्थिती निघायच्या आठवड्यात परत विचारून घ्या. सोबत मोजटेप आणि छापलेला नकाशा, रेंज जाते. तिथल्या म्हाताऱ्यांना विमानांबद्दल नका विचारू, भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचं कुंपण कोणाकडे आहे विचारा, धावपट्टीवर अंथरलेल्या त्या पट्ट्या लोकांनी उचलून घराला लावल्यात.