कॅम बदलताय? नुसत्या खुणा जुळवून थांबू नका
नवा कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा) टाकला, पुलीच्या खुणा जुळवल्या, बेल्ट चढवला की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. गाडी चालते हो, पण मग "एवढं करून फरकच नाही पडला" हे रडगाणं सुरू होतं. माझंही पहिल्यांदा हेच झालेलं, हेड (सिलिंडरवरचं झाकण) आधी प्लेन केलेलं, म्हणजे खालून घासून सपाट केलेलं होतं हेच विसरलो होतो. हेड खाली बसलं की बेल्टवाल्या ओव्हरहेड कॅमचं (हेडमध्येच बसणाऱ्या) टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ, थोडं मागे पडतं, आणि खुणा मात्र जुळलेल्याच दिसतात!

म्हणून मोजायचं. सगळे प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने फिरतं, क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) डिग्री डिस्क, म्हणजे अंशांच्या खुणांची चकती, लावा, वाकवलेल्या तारेचा काटा करा. आता एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला पूर्ण वर जाण्याआधी अडवणारा तुकडा) घालून इंजिन हळूच आधी एका बाजूने टेकवा, मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूने. समजा एकीकडे ३८ आलं आणि दुसरीकडे ४४, तर डिस्क ३ डिग्री सरकवा, दोन्हीकडे ४१ यायला पाहिजे, तेव्हा कुठे शून्यावर खरं टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, आलं. स्टॉप काढायला विसरू नका.

मग डायल गेज (बारीक हालचाल मोजणारा काटा) इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या, टॅपेटवर (कॅम ज्याला दाबतो तो भाग) सरळ उभा लावा. पूर्ण लिफ्टला (व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त उघडा असताना) गेज शून्य करायचा आणि त्याच्या ०.१ मिमी आधी आणि ०.१ मिमी नंतर डिस्कवर काय दिसतं ते लिहून घ्यायचं, इंजिन मात्र नेहमीच्या दिशेनेच फिरवत. माझं ९६ आणि १२४ आलं, मध्य ११०. कॅमसोबत येणाऱ्या माहितीच्या कार्डवर होतं १०६, म्हणजे कॅम ४ डिग्री मागे. कॅम क्रँकच्या अर्ध्या स्पीडने फिरतो, त्यामुळे ॲडजस्टेबल पुलीवर २ डिग्रीच पुढे घ्यायचं. "एक दात पुढे करून बघू" हा प्रकार नको, ४० दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे क्रँकच्या तब्बल १८ डिग्री! पुलीचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले की परत रीडिंग घ्या, आवळताना सरकतं कधीकधी.

कॅम पुढे घेतला की साधारण खालच्या आरपीएमला ओढ वाढते, मागे घेतला की वरच्या. रोजच्या गाडीला मी तरी कार्डावर किंवा किंचित पुढेच ठेवतो. जास्त ओव्हरलॅपचा (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारा) कॅम घेतलात तर आयडल डगमगणार, व्हॅक्यूम कमी होणार, इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यून करावाच लागणार आणि धुराची टेस्ट अवघड जाणार, हे आधीच मान्य करा.

सुरू करण्याआधी एक कंटाळवाणं काम, पण इथेच इंजिन वाचतं. टॅपेट सेट करून, पिस्टनवर प्लॅस्टिसिन चिकटवून हेड बसवा, दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवा, हेड काढून सर्वात पातळ जागी मोजा. इनटेकला निदान १.५ मिमी आणि एक्झॉस्टला २ मिमी गॅप हवा. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकायला नकोत, साधारण १ मिमी जागा ठेवा. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह वाकेल.

घासून चालणारे सपाट टॅपेट असतील तर कॅमला असेंब्ली ल्यूब (जोडणीच्या वेळी लावायचं घट्ट वंगण) फासा आणि पहिल्यांदा सुरू केल्या केल्या २०–२५ मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर ठेवा, आयडलला सोडू नका. रोलर टॅपेटवाल्यांना ही कटकट नाही.