आखडत्या हाताने घ्यायचा टीव्ही: गेम आणि स्ट्रीमिंगसाठी तयारीची यादी

पहिलं काम घरातच आहे आणि त्याला मोजपट्टी, जुनं वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी एवढंच लागतं. टीव्हीचे इंच म्हणजे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतचं तिरपं माप, त्यामुळे नुसता आकडा ऐकून केलेला अंदाज हमखास चुकतो. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ उंच असतो, ५० इंची ११० बाय ६२ आणि ५५ इंची १२२ बाय ६८. त्या मापाचे कागद जोडून भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. नेहमीच्या जागेवर बसून बघा. तिरप्या मापाच्या दीडपटीहून थोडं जास्त अंतर डोळ्यांना सोयीचं पडतं, म्हणजे ५० इंचीला दोन मीटर आणि ५५ इंचीला सव्वादोन. सोफा तीन मीटरवर असेल आणि तुम्ही ४३ इंची घेणार असाल, तर फोर-केचे, म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपक्यांच्या चित्राचे, सगळे बारकावे तिथून दिसणारच नाहीत. तेव्हा एक तर पडदा मोठा घ्या, नाहीतर सोफा पुढे ओढा.

कागद भिंतीवर आहे तोवर टेबलाची रुंदीही मोजून ठेवा. माझी फजिती इथेच झाली. पडदा बसेल की नाही ते मी मोजलं, पाय बघितलेच नाहीत. हल्लीच्या बऱ्याच टीव्हींना मधोमध स्टँड नसतो, दोन टोकांना दोन पाय असतात. माझ्या टीव्हीचे पाय टेबलाच्या बाहेर गेले आणि मग खाली कपाटाची एक जुनी फळी टाकून आठ महिने काढले. येणारा प्रत्येक जण आधी फळी बघायचा, मग टीव्ही. पायांमधलं अंतर स्पेसिफिकेशनमध्ये दिलेलं असतं, ते वहीत लिहून घ्या. भिंतीवर टांगणार असाल तर हा प्रश्न मिटतो, पण पोर्ट मागच्या बाजूला असले की केबल लावताना हात अडकतो. पोर्टची तोंडं बाजूला आहेत ना, ते बघून घ्या.

आता यादीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ: या टीव्हीला काय जोडणार आहात? कमी पैशांत टीव्ही घेताना सगळा हिशोब या एका उत्तरावर येतो. मधल्या आकारात आणि मर्यादित बजेटमध्ये १२० हर्ट्झचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलतो) आणि चांगला उजेड-अंधार या दोन्ही गोष्टी एकदम सहसा मिळत नाहीत. कशावर पाणी सोडायचं, ते घरून ठरवूनच निघायचं. प्लेस्टेशन ४ किंवा जुना निन्टेन्डो स्विच असेल तर प्रश्नच नाही. त्यांची धाव सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत (फ्रेम म्हणजे एकेक स्थिर चित्र), त्यामुळे ६० हर्ट्झचा टीव्ही पुरतो. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स फोर-केमध्ये १२० पर्यंत जातात. स्विच २ डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या त्याच्या तळात, बसवला की फोर-केला ६० देतो आणि १२० हवे असतील तर रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) उतरवतो.

कन्सोल १२० देतो म्हणून गेमही देतोच असं नाही. गोष्ट सांगणारे मोठे गेम बहुतेक ३० किंवा ६० वरच चालतात. १२० चा खरा उपयोग ऑनलाइन नेमबाजी आणि रेसिंगमध्ये. तरीही १२० हर्ट्झच्या पॅनेलचे (पडद्याचे) दोन फायदे आहेत, ज्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. काही गेममध्ये ४० फ्रेमचा मोड असतो आणि त्याला १२० हर्ट्झचा पडदा लागतो, कारण १२० ला ४० ने नेमका भाग जातो, ६० ला जात नाही. ३० चा जडपणा निघून जातो आणि चित्राचा दर्जाही फारसा उतरत नाही. दुसरा फायदा सिनेमाचा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. १२० वर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दाखवता येते. ६० वर मात्र एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी कसरत होते आणि कॅमेरा सावकाश बाजूला सरकतो तेव्हा बारीक हिसके जाणवतात. ज्यांना ते एकदा दिसले त्यांना कायमचे दिसतात, म्हणून शोधायला जाऊ नका.

माझं मत विचाराल, तर संध्याकाळी मालिका-सिनेमे आणि सुट्टीच्या दिवशी गोष्टीवाले गेम असा बेत असेल तर ६० हर्ट्झचाच पण चांगल्या पॅनेलचा टीव्ही घ्यावा. रोज ऑनलाइन खेळणाऱ्याने १२० साठी हट्ट धरावा आणि काळ्या रंगाच्या बाबतीत थोडं सोसावं.

पॅनेल बघताना त्याच्या दोन प्रकारांची नावं पाठ असू द्या, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागातला फरक, साधारण ३००० ला १ किंवा त्याहून जास्त असतो, आयपीएसचा १००० ला १ च्या आसपास. अंधाऱ्या खोलीत आयपीएसवरची रात्र राखाडी दिसते. उलट खोली उजेडाची असेल आणि चार जण चार कोपऱ्यांत बसून बघणार असतील तर आयपीएस बरा, कारण बाजूने बघितलं तरी त्याचे रंग फिके पडत नाहीत. स्वस्त व्हीए पॅनेलवर गडद दृश्यात वेगाने हलणाऱ्या गोष्टींमागे काळपट शेपटी येते, हे खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) भागाभागाने मंद होत असेल, ज्याला लोकल डिमिंग म्हणतात, तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. एचडीआरच्या, म्हणजे जास्त उजळ आणि जास्त गडद छटा दाखवणाऱ्या चित्राच्या, शिक्क्यासाठी मात्र जास्त देऊ नका. पडद्याचा कमाल उजेड तीन-चारशे निट्सच्या (उजेड मोजायचं एकक) पुढे जात नसेल तर एचडीआर फक्त खोक्यावर असतं.

खोक्यावरचं वाचताना एकूणच जरा संशयी व्हा. ‘मोशन रेट १२०’, ‘२४०’ असली नावं पॅनेलचा खरा रिफ्रेश रेट सांगत नाहीत, आतलं पॅनेल खुशाल ६० चं असू शकतं. पोर्टच्या ‘एचडीएमआय २.१’ या नावावरही समाधान मानू नका, कारण त्या नावाखालच्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: फोर-के १२० हर्ट्झला इनपुट घेतो का, व्हीआरआर आहे का, एएलएलएम आहे का. व्हीआरआरमुळे गेमची गती खालीवर झाली तरी चित्र फाटत नाही, एएलएलएममुळे कन्सोल सुरू होताच टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो. काही ६० हर्ट्झचे टीव्ही १२० दाखवण्यासाठी उभं रिझोल्यूशन अर्धं करतात, तेही खोदून विचारा. आणि वेगवान पोर्ट किती आहेत ते मोजा. पुष्कळदा चारांपैकी दोनच तसे असतात आणि त्यातलाच एक ईएआरसीचा, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारा, असतो. साउंडबार आणि दोन कन्सोल असतील तर भांडण ठरलेलं.

मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवून घ्या. एकाच मॉडेल-मालिकेत ५५ इंचीला १२० हर्ट्झ आणि ५० किंवा ४३ इंचीला ६०, असं सर्रास होतं. ५५ चं परीक्षण वाचून ४३ घेणाऱ्याच्या हाती वेगळीच वस्तू पडते. परीक्षणात इनपुट लॅगचा आकडा शोधा. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा हा उशीर गेम मोडमध्ये १५ मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याखाली असला की झालं. गेम मोड बंद असताना तोच उशीर कित्येक पटींनी वाढतो.

दुकानात गेलात तर रिमोट मागून घ्या. तिथले टीव्ही दुकानाच्या मोडवर, भडक रंगांत लावलेले असतात. त्यांना सिनेमा मोडवर आणा आणि एखादं रात्रीचं दृश्य लावायला सांगा. मग सेटिंग्जमध्ये शिरा, चार पानं पुढेमागे करा. मेन्यू आजच अडखळत असेल तर दोन वर्षांनी काय होईल ते उघड आहे.

स्ट्रीमिंगची बाजू त्यामानाने सोपी. अॅप खरोखर फोर-केमध्ये चालतात का, एवढं तपासा. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएसचा वेग सुचवतं आणि त्यासाठी सगळ्यात वरचा प्लॅनही लागतो, तो खर्च बजेटमध्ये धरा. टीव्हीची आतली प्रणाली मंद असली म्हणून चांगलं पॅनेल सोडू नका, स्ट्रीमिंग स्टिक नंतर लावता येते, पॅनेल बदलता येत नाही. आवाजाचंही तसंच. बारीक टीव्हीचे स्पीकर बारीकच वाजतात, साउंडबार सहा महिन्यांनी घेतला तरी चालतो.

टीव्ही घरी आला की तो आडवा झोपवू नका, उभाच ठेवून खोक्यातून काढा. पहिल्याच दिवशी पूर्ण राखाडी रंगाचं चित्र लावून पडद्यावर डाग, पट्टे किंवा मेलेले ठिपके आहेत का ते बघा. वीजबचतीचा मोड बंद करा, चित्र गुळगुळीत करणारा मोशनचा पर्याय बंद करा. कन्सोल ज्या पोर्टला लावलाय त्या पोर्टचं सेटिंग शोधून वाढीव (‘एन्हान्स्ड’) फॉरमॅटवर न्या. बऱ्याच टीव्हींत ते मुळात बंद असतं आणि लोक महिनोन्महिने ६० वर खेळत राहतात. केबल कन्सोलसोबत आलेलीच वापरा. मग कन्सोलच्या व्हिडिओ आउटपुटच्या पानावर जा आणि हवं होतं ते रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट तिथे दिसतायत का ते वाचा. खोका मात्र परतीची मुदत संपेपर्यंत आतल्या थर्माकोलसकट दाराआड उभा असू द्या.