मलम लावूनही हाताची खाज परत येते? कामावरच्या या चुका टाळा

आधी बोटांच्या बेचक्यात खाज, मग लाल चट्टे, मग भेगा. मलम लावलं की आठवडाभर बरं वाटतं, आणि कामावर गेलं की पुन्हा तेच. गवंडी, नर्स, मेकॅनिक, स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बायका, पार्लरमध्ये केस रंगवणाऱ्या मुली यांच्यापैकी कितीतरी जण वर्षानुवर्षं या फेऱ्यात अडकतात. कामामुळे होणाऱ्या त्वचारोगांत सर्वांत मोठा वाटा संपर्कातून होणाऱ्या इसबाचा असतो. मलम तो दाबतं, पण ज्या वस्तूमुळे तो झाला, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात येते.

डॉक्टरांना कामाबद्दल न सांगणं

"खाज येते" एवढंच सांगून चालत नाही. दिवसभर हातात काय काय येतं, हात कशाने धुता, हातमोजे कोणते वापरता, हे सगळं सांगा. डब्यांवरच्या लेबलांचे फोटो सोबत न्या. सुट्टीत त्रास कमी होतो का, हेही बघा. मात्र जुनाट झालेला इसब चार दिवसांच्या सुट्टीत हलत नाही, त्यामुळे "सुट्टीतही तसाच होता, म्हणजे कामाचा संबंध नाही" असा निष्कर्ष काढू नका.

"इतकी वर्षं हेच काम करतोय, आता कुठली ऍलर्जी?"

ही समजूत फार नडते. साबण, थिनर, कूलंट (यंत्र थंड ठेवणारं द्रव) यांचा मारा पुरेसा झाला की कुणाचीही त्वचा सोलवटते. त्यात ऍलर्जीचा प्रश्न नसतो. ऍलर्जीचं गणित वेगळं आहे. एखादा पदार्थ दहा वर्षं निमूट हाताळल्यावरही ती सुरू होऊ शकते, आणि एकदा झाली की त्या पदार्थाचा अंशसुद्धा पुरतो. शिवाय चट्टे उठायला एक ते तीन दिवस लागतात. सोमवारी हाताळलेल्या गोष्टीचा परिणाम बुधवारी दिसला, तर संशय भलत्याच वस्तूवर जातो. म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून 48 तासांनी काढतात आणि आणखी दोनेक दिवसांनी पुन्हा तपासतात. ही दुसरी तपासणी चुकवू नका. काही पदार्थांची प्रतिक्रिया तेव्हाच उमटते.

पाण्याला निरुपद्रवी समजणं

दिवसाला 2 तासांहून जास्त वेळ हात ओले राहणं किंवा 20 पेक्षा जास्त वेळा हात धुणं, याला त्वचारोगतज्ज्ञ 'ओलं काम' म्हणतात. त्यात त्वचेवरची तेलकट राखण धुऊन जाते आणि मग बाकीच्या रसायनांना वाट मोकळी होते. हात दिसायला मळलेले नसतील, तर पुन्हापुन्हा साबण लावण्यापेक्षा अल्कोहोलचं सॅनिटायझर त्वचेला कमी त्रास देतं. ते झोंबलं, तर त्वचा आधीच फाटलेली आहे असं समजा.

हातमोजे घातले म्हणजे झालं, असं मानणं

मला सर्वांत जास्त काळजी याच चुकीची वाटते, कारण ती करणारा माणूस स्वतःची काळजी घेतच असतो. दातांच्या आणि नखांच्या कामातले ऍक्रिलेट (घट्ट होऊन कडक बनणारी रसायनं) पातळ लेटेक्समधून काही मिनिटांत आरपार जातात. सिमेंटमधल्या क्रोमियमची ऍलर्जी झालेला गवंडी चामड्याचे हातमोजे घालतो, आणि ते चामडं बहुतेकदा क्रोमियमनेच कमावलेलं असतं. रबर घट्ट करणाऱ्या रसायनांचीही ऍलर्जी होते. 1939 साली अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडले. शोध घेतला, तेव्हा दोष रबरी हातमोज्यांतल्या रसायनाचा निघाला.

मोजा कोणत्या रसायनासाठी चालतो, हे उत्पादकाच्या तक्त्यात पाहा. आतून ओला झालेला किंवा भोक पडलेला मोजा घालण्यापेक्षा मोजा नसलेला बरा, कारण आत अडकलेलं रसायन तासन्तास त्वचेला चिकटून राहतं. घाम येत असेल, तर आत सुती मोजे घाला आणि ते बदलत राहा.

ओलं सिमेंट तसंच अंगावर राहू देणं

ओल्या सिमेंटचा सामू (pH) 12 ते 13 असतो, म्हणजे ते त्वचा भाजण्याइतकं तीव्र अल्कधर्मी असतं. बुटात किंवा गुडघ्याखाली ते शिरलं, तर सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस काम सुरू ठेवतो. काही तासांनी कळतं तेव्हा भाजून खोल जखम झालेली असते. कपडे लगेच काढा आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुवा.

थिनर किंवा रॉकेलने हात पुसणं

ग्रीस निघतं, त्यासोबत त्वचेची राखणही निघते. बेसिनजवळ सौम्य साबण आणि मॉइश्चरायझर ठेवा.

दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणणं

सतत गमबूट घालणाऱ्यांना बुरशीचा संसर्ग होतो. त्यावर स्टेरॉइडचं मलम लावलं, तर खाज थांबते पण बुरशी पसरते आणि तिचं रूपही बदलतं, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

सगळा भार कामगारावर टाकणं

डेन्मार्कने 1981 मध्ये सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळायला सुरुवात केली. त्याने घातक क्रोमियम निष्प्रभ होतं. त्यानंतर तिथल्या बांधकाम कामगारांतली क्रोमियमची ऍलर्जी घटली. 2005 पासून युरोपीय संघात सिमेंटमधल्या या क्रोमियमला दशलक्षात 2 भागांची मर्यादा आहे. गवंड्याला मलम देण्याऐवजी सिमेंटच बदललं गेलं. आपल्या कारखान्यात साबण, डिग्रीझर (ग्रीस काढणारं रसायन), कूलंट निवडणाऱ्या माणसाकडे हा प्रश्न घेऊन जायला हवं.

आणि चट्टे गेले म्हणून लगेच जुन्या कामाला जुंपून घेऊ नका. त्वचा वरून बरी दिसली, तरी तिची राखण पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात. तोवर मॉइश्चरायझर आणि कोरडं काम, एवढं सुपरवायझरकडून मागून घ्या.