इंडक्शन हॉब घेण्याआधी वीजभार बघा

इंडक्शन हॉब, म्हणजे ओट्यात बसवायची विजेची शेगडी, निवडताना आपण काचेची चकाकी नि बटणं बघत बसतो. आधी बघायचा तो वीजभार. चार झोनचा, म्हणजे भांडी ठेवायच्या चार जागांचा हॉब पूर्ण जोरात चालला की साधारण ७,००० वॉट ओढतो, म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे ३० अँपिअर. मिक्सरच्या सॉकेटचं हे काम नव्हे! घराला मंजूर भार किती आहे ते तपासा आणि हॉबसाठी मेन बोर्डापासून वेगळी वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) नि नीट अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. भार वाढवायचा नसेल तर एकूण वॉटवर मर्यादा घालता येईल असं मॉडेल शोधा. ही सोय सगळ्यांत नसते.

ओटा कापायची घाई नको. हॉब हातात आल्यावर त्याच्या पुस्तिकेतल्या मापानेच दगड कापा, कारण काचेचं माप आणि कापायचं माप वेगळं असतं. खालच्या पंख्याला हवा लागते, तेव्हा तिथे गच्च भरलेला खण नको.

आणि भांडी? बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला तर चालतील. नुसतं ॲल्युमिनियम किंवा तांबं नेहमीच्या हॉबवर तापत नाही.